बाइट मोजून वाचताना

मंडळी, आधी एक प्रश्न विचारतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना विचारलं तर तीन अक्षरं: म, रा, ठी. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकी यादीच्या हिशेबानं पाच, कारण काना आणि वेलांटी तिथे वेगळी चिन्हं म्हणून मोजतात. आणि यूटीएफ-८, म्हणजे ही चिन्हं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीनं लिहिलेल्या फाइलमध्ये हाच शब्द १५ बाइट व्यापतो (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढी जागा), कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तिथे ३ बाइट लागतात. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण फाइलचा नियम बाइट मोजत असेल आणि आपला प्रोग्रॅम अक्षरं मोजत असेल, तर त्या शब्दापासून पुढचं सगळं वाचन सरकतं. आज मी या सरकण्याबद्दल बोलणार आहे.

फील्ड म्हणजे नोंदीतला एक रकाना, जसं नाव किंवा रक्कम; अशा रकान्यांची एक पूर्ण नोंद म्हणजे रेकॉर्ड. ठरावीक लांबीची फील्डं फार जुनी. ८० स्तंभांचं पंचकार्ड आयबीएमनं १९२८ मध्ये आणलं. त्यावर नाव या स्तंभापासून त्या स्तंभापर्यंत, रक्कम त्यापुढच्या स्तंभांत, असं ठरवून टाकलं की वाचणाऱ्याला शोधाशोध नाही. विसावं रेकॉर्ड हवंय? लांबी गुणिले १९, तिथे उडी मारा. पण पुस्तकाचं शीर्षक कधी एका शब्दाचं असतं, कधी दोन ओळींचं. त्याला किती जागा राखून ठेवणार? मग बदलत्या लांबीची फील्डं आली. ती वाचायचे मुख्य मार्ग दोनच. एक तर शेवटी खूण ठेवायची, नाही तर आधी लांबी सांगायची. प्रत्यक्षात भेटणाऱ्या फाइलींमध्ये बहुतेक वेळा हे सगळं एकाच रेकॉर्डमध्ये कालवलेलं असतं.

या मिश्रणाचा मला सर्वांत आवडणारा नमुना म्हणजे पुस्तकांच्या नोंदींसाठीचा ग्रंथालयांचा मार्क फॉरमॅट. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली तो १९६० च्या दशकात घडला. त्याच्या रेकॉर्डचे तीन भाग असतात. सुरुवातीला नेमका २४ बाइटांचा लीडर. मग डिरेक्टरी, म्हणजे त्या रेकॉर्डची अनुक्रमणिका, जिची प्रत्येक नोंद १२ बाइटांची. आणि शेवटी हव्या तेवढ्या लांबीचा मजकूर. ठरावीक लांबीचा भाग बदलत्या लांबीच्या भागाची वाट दाखवतो.

एक रेकॉर्ड मनातल्या मनात उघडू. लीडरचे पहिले पाच अंक आहेत ००७१४, म्हणजे पूर्ण रेकॉर्ड ७१४ बाइटांचं. त्याच लीडरमध्ये पुढे ००२०५ आहे, म्हणजे मजकूर २०५ व्या स्थानापासून सुरू. स्थानं शून्यापासून मोजायची. आता इथे घाई करू नका. २०५ मधून लीडरचे २४ वजा करा, डिरेक्टरी संपल्याच्या खुणेचा १ वजा करा. उरले १८०. त्याला १२ नं भागलं की १५. पूर्ण भाग गेला, म्हणजे नोंदी १५. भाग गेला नसता तर मजकुराचा एकही बाइट न वाचता कळलं असतं की हे रेकॉर्ड बिघडलेलं आहे.

समजा, त्या १५ पैकी एक नोंद अशी आहे: २४५००४५००१२२. पहिले तीन अंक फील्डचं नाव, २४५, म्हणजे शीर्षक. पुढचे चार लांबी, ४५. शेवटचे पाच सुरुवात, १२२. मग शीर्षक २०५ अधिक १२२, म्हणजे ३२७ व्या स्थानी सुरू होतं आणि ३७१ व्या स्थानी संपतं. ४५ मध्ये शेवटच्या खुणेचा बाइटही धरलेला असतो, म्हणून ३७१ व्या स्थानी फील्ड संपल्याची खूण, म्हणजे ३० किमतीचा बाइट, असायलाच हवा. तसाच ७१३ व्या स्थानी रेकॉर्ड संपल्याची खूण, २९.

लांबी आणि शेवटची खूण, दोन्ही कशाला? एकानं भागलं नसतं का? भागलं असतं. पण दोन्ही आहेत म्हणूनच एकाला दुसऱ्याची साक्ष काढता येते. फाइलमध्ये लिहिलेली लांबी हा लिहिणाऱ्याचा दावा आहे. तो पडताळून पाहायची सोय फॉरमॅटनं दिलेली असताना कित्येक पार्सर, म्हणजे फाइल तोडून वाचणारे प्रोग्रॅम, ती वापरत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोय नसेल तर काय होतं, ते कार्ड व्यवहारांच्या आयएसओ ८५८३ संदेशात दिसतं. तिथे अनुक्रमणिका नसते. ६४ बिटांचा, म्हणजे ६४ हो-नाही खुणांचा, एक नकाशा कोणतं फील्ड आहे आणि कोणतं नाही एवढंच सांगतो, पुढे फील्डं एकाला एक चिकटून येतात. दुसऱ्या फील्डात कार्ड क्रमांक, त्याच्या आधी दोन अंकी लांबी. मग ६ अंकांचा व्यवहाराचा प्रकार, मग १२ अंकांची रक्कम. कार्ड क्रमांक नेहमी १६ अंकीच असतो असं एखाद्यानं गृहीत धरलं आणि १९ अंकी क्रमांक आला, तर तीन अंक पुढे सांडतात. प्रकार ००००००, रक्कम ०००००००५००००. सरकलेलं वाचन प्रकारात कार्डाचे शेवटचे तीन अंक घेतं आणि रक्कम वाचतं ००००००००००५०, म्हणजे ५०००० ऐवजी ५०. सगळे अंकच आहेत, सगळ्या लांब्या नियमाप्रमाणे आहेत. रक्कम हजारपट कमी झाली, पण त्या ठिकाणी कुठेही घंटा वाजत नाही. झालंच तर पुढच्या एखाद्या फील्डपाशी गोंधळ उडतो आणि आपण चूक भलत्याच जागी शोधत बसतो.

मी स्वतः असे दिवस काढले आहेत. एका कामात रेकॉर्डच्या शेवटचं फील्ड रिकाम्या जागांनी भरून पूर्ण लांबीचं केलेलं असे. मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा छाटल्या जात होत्या. फाइल डोळ्यांना अगदी नीट दिसायची. बाइट मोजायला बसलो तेव्हाच कळलं.

दावा न तपासण्याची सर्वांत मोठी किंमत जगानं एप्रिल २०१४ मध्ये पाहिली. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ती चूक हार्टब्लीड नावानं ओळखली जाते. संदेश साधा: १ बाइट प्रकार, २ बाइट लांबी, मग मजकूर, मग किमान १६ बाइट नुसती भर. पाठवणारा दोन-चार बाइट मजकूर देऊन लांबी हजारोंची सांगू शकत होता, आणि सर्व्हर तेवढे बाइट स्वतःच्या मेमरीतून उचलून परत पाठवत होता. एका वेळी ६४ केबीपर्यंत. त्यात पासवर्ड असू शकत होते, खाजगी किल्ल्याही. दुरुस्तीचा गाभा एक तुलना होती: १ अधिक २ अधिक सांगितलेली लांबी अधिक १६, ही बेरीज प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डपेक्षा मोठी असेल तर संदेश टाकून द्या.

तेव्हा पार्सर लिहिताना फाइल बाइट म्हणूनच उघडा. आधी बाइटांवर फील्डं कापा, मग प्रत्येक तुकड्याचा मजकूर करा. हा क्रम उलटा केला की सुरुवातीचा तो ३, ५, १५ चा घोटाळा झालाच म्हणून समजा. उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी लांबी दिसली की तिथेच थांबा. आणि रेकॉर्ड संपल्यावर तुमचं बोट नेमकं जिथे असायला हवं तिथेच आहे का, हे दर वेळी बघा.

बिघडलेलं रेकॉर्ड मिळालं तर पुढचं कसं गाठायचं, हे फॉरमॅटवर अवलंबून आहे. यूटीएफ-८ मधल्या मार्क फाइलीत २९ चा बाइट शोधत पुढे जाता येतं. बहुबाइटी चिन्हांचे सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे देवनागरी अक्षराच्या पोटात २९ चुकूनही सापडत नाही. बायनरी आकडे, म्हणजे थेट बाइटांत साठवलेल्या संख्या, असलेल्या फाइलीत मात्र हा आधार नाही, तिथे २९ हा निव्वळ एखाद्या संख्येचा तुकडा असू शकतो. पीएनजी प्रकारच्या चित्राच्या फाइलीत प्रत्येक तुकड्याला ४ बाइटांची लांबी, ४ बाइटांचं नाव आणि मजकुरानंतर ४ बाइटांची सीआरसी, म्हणजे नाव आणि मजकूर यांवरून काढलेली पडताळणीची संख्या, असते. लांबी चुकली तर ही संख्या जवळजवळ नक्कीच जुळत नाही, आणि चूक त्याच तुकड्यापाशी पकडता येते.