चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

[दृश्य : पुराच्या पाण्यातून वाट काढणारी होडी, दूरवर बांबूच्या भिंतींची घरं]

1971 साली पाकिस्तानची फाळणी झाली, तेव्हा पूर्व भागात माणसं जास्त होती आणि पश्चिम भागात कमी. आज बांगलादेशाची लोकसंख्या 17 कोटींच्या आसपास आहे, पाकिस्तानची 24 कोटींच्या पुढे गेली आहे. दोन्हीकडे बहुसंख्यांचा धर्म एकच. जन्माच्या वेळी बांगलादेश तर पूर, वादळ आणि युद्धाने पार खचलेला. मग गणित उलटलं कसं?

त्याच वर्षी सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांचे लोंढे येत होते आणि त्यांच्यात कॉलरा पसरला होता. सलाईनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात कालवलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. अतिसारावर मीठ-साखरेचं पाणी चालतं हे ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत आधी सिद्ध झालं होतं. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली. इथे मात्र आई, भाऊ, शेजारी पाणी पाजत होते, आणि शंभरात तीस माणसं दगावत होती तिथे चारसुद्धा दगावेनाशी झाली.

[दृश्य : चुलीपाशी बसलेली बाई, पातेल्यात पाणी]

हे ज्ञान छावणीतून घराघरांत नेलं ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने. फजले हसन आबेद तिचे संस्थापक. 1980 पासून दहा वर्षं तिच्या कार्यकर्त्या गावोगाव मुक्काम करत फिरल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. पुडी नाही, दुकान नाही, लिहिता-वाचता येण्याची अट नाही. शिकवून झाल्यावर काही आठवड्यांनी तपासनीस यायचे आणि काही घरं निवडून आईला विचारायचे, करून दाखव बरं. तिला जितकं आठवे, तितका कार्यकर्तीचा मोबदला. भाषण ठोकून निघून जाणाऱ्याला इथे पैसा नव्हता.

तरी सुरुवातीला एक अडचण आली. बायकांना कृती तोंडपाठ, पण मूल आजारी पडलं की पाणी पाजायच्या फार थोड्या. शोध घेतला तेव्हा कळलं की कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना हे पाणी पोटात काय करतं ते नीट समजावलं गेलं. बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या बैठका झाल्या. दहा वर्षांत सुमारे 1 कोटी 20 लाख घरांपर्यंत ही माणसं पोहोचली.

लोकसंख्येच्या गोष्टीत अतिसार कशाला, असं कोणाला वाटेल. पण चारातली दोनच मुलं हाती लागतील अशी धास्ती असलेल्या आईला ‘दोन पुरेत’ सांगणं क्रूरपणाचं आहे. आधी मूल जगलं पाहिजे.

त्याच्या थोडं आधी आपल्याकडे काय चाललं होतं? आणीबाणीच्या काळात 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही संमत केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे आपलं भाग्य.

[दृश्य : मतलबची नदी, घाटावर उतरणारी तरुणी, खांद्यावर पिशवी]

1977 च्या ऑक्टोबरात बांगलादेशात, मेघना नदीच्या खोऱ्यातल्या मतलब नावाच्या भागात मात्र वेगळी वाट धरली गेली. तिथे आधी एक प्रयोग फसला होता. वयस्क, बहुतेक निरक्षर बायांच्या हाती गोळ्या आणि निरोध देऊन त्यांना घरोघर पाठवलं होतं. त्रास झाला तर काय करायचं, ते त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून बायका गोळ्या सोडून देत. आता त्याच गावातल्या शिकलेल्या, लग्न झालेल्या 80 तरुणी नेमल्या गेल्या. दर पंधरा दिवसांनी त्या दारी येत. गोळी नको तर इंजेक्शन, इंजेक्शन नको तर तांबी, काही दुखलं-खुपलं तर पाठीशी दवाखाना. साधनं वापरणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण 7 टक्के होतं. दोनेक वर्षांत ते तिसऱ्या हिश्श्याच्या घरात गेलं. सक्ती कोणावरही झाली नाही. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर नेली. 1975 च्या सुमारास बांगलादेशात एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत, 2011 पर्यंत ती सव्वादोनच्या आसपास आली.

मतलबवरून कोणी म्हणेल की निरक्षर बाईला हे काम जमत नाही. त्याला जामखेडला न्यावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे निरक्षर, दलित, टाकून दिलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. पण एकदा शिकवून सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं दर आठवड्याला त्यांना बोलावून शिकवलं, त्यांचं ऐकलं. माझ्या मते फरक तिथे आहे. नंतर परदेशांतून माणसं या अनुभवी बायकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागली.

[दृश्य : कैरो शहर, संग्रहातली छायाचित्रं]

सप्टेंबर 1994. कैरोत 179 देशांची लोकसंख्या परिषद भरली. तिच्या महासचिव होत्या पाकिस्तानी डॉक्टर नफीस सादिक. उद्दिष्टांचे आकडे बाजूला ठेवून बाईचं आरोग्य आणि तिचा निर्णय मध्यभागी आणणारा करार तिथे झाला. तिथेच बांगलादेश, इंडोनेशिया, थायलंड, इजिप्त, केनिया, मेक्सिको असे दहा विकसनशील देश एकत्र आले आणि त्यांनी आपापसांत शिकण्यासाठी स्वतंत्र संघटना काढली. तिचं सचिवालय ढाक्यात आहे. भारतही पुढे तिच्यात सामील झाला.

श्रीमंत देशाचा सल्लागार विमानाने येतो, अहवाल देतो आणि जातो. ब्रॅकची माणसं 2002 मध्ये अफगाणिस्तानात आणि 2006 मध्ये युगांडात राहायला गेली. स्वतःच्या देशात काय फसलं, हे त्यांना ठाऊक होतं.

[दृश्य : युगांडातलं खेडं, लाल माती, अंगणात मुलं]

युगांडाची लोकसंख्या आज साडेचार कोटींच्या पुढे आहे आणि एका बाईला सरासरी पाच मुलं होतात. तिथेही गावातलीच बाई निवडली. अतिसाराची पुडी, मलेरियाची गोळी, साबण, मच्छरदाणी घेऊन ती घरोघर फिरते. 214 गावांत तीन वर्षं चाललेल्या अभ्यासात, अशी बाई असलेल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 27 टक्क्यांनी कमी आढळले.

बांगलादेशातही सगळं सुरळीत नाही. जवळपास निम्म्या मुलींची लग्नं आजही अठराच्या आत होतात. आणि एक गोष्ट तर या सगळ्याच देशांनी टाळली आहे : दारोदार फिरणाऱ्या या बाईला बहुतेक ठिकाणी अजून ‘स्वयंसेविका’ म्हणतात. युगांडात तिची कमाई औषधं विकून उरलेल्या चार पैशांवर. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या आशाताई मानधनाच्या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात रात्रंदिवस बसल्या होत्या. ढाक्यात, कंपालात किंवा दिल्लीत या देशांचे आरोग्यमंत्री पुन्हा भेटतील, तेव्हा विषयपत्रिकेत पहिल्या ओळीवर तिचा पगार असायला हवा.