पंगत, पेला आणि पाहुणचार

(भिवापूर परिसरातील एका गावाच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधूंनो आणि भगिनींनो, भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, मंडईचे म्हणजे गावोगावच्या जत्रेचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेले असते किंवा कापून बांधीत पडलेले असते, आणि तरीही लेकीजावई, साळे-मेव्हणे, दूरच्या गावचे सोयरे आणि जुने मित्र वेळ काढून गावात येतात, दिवसभर मंडईत फिरतात आणि रात्री नाटकाला बसतात. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्या नाटकाआधी घराघरांत जी पंगत बसते तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मला आज त्या पंगतीविषयी बोलायचे आहे. आप्तेष्टांबरोबर चांगले खाणे आणि बेताने पिणे ही आनंदाची गोष्ट आहे असे मी मानतो. हा आनंद ताटात किती पदार्थ आहेत यापेक्षा पंगतीतल्या प्रत्येकाला निवांतपणे बसायला मिळाले की नाही यावर ठरतो, आणि पेल्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडचे जे जेवण या कसोटीला पूर्णपणे उतरते ते रोडग्यांचे. नवस फेडायचा असो की शेतातल्या मारुतीसमोर सहज जमायचे असो, रोडग्यांचा स्वयंपाक घरात होत नाही. तो शेतात, नदीकाठी किंवा आंब्याच्या सावलीत होतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट भिजवतात, लहान पुऱ्या लाटून त्यांना तेल-तूप लावून एकावर एक ठेवतात आणि ती चळत मोठ्या पारीत घेऊन तिचा गोळा वळतात. तोपर्यंत गोवऱ्यांचा जाळ बसलेला असतो. निखाऱ्यांवर गोळे मांडले की ते सारखे फिरवत राहावे लागतात, कारण एक बाजू करपली आणि आतली कणीक कच्ची राहिली तर सारा खटाटोप वाया जातो. शेवटी ते गरम राखेत पुरून ठेवतात. बाहेर काढल्यावर फडक्यात धरून राख झटकायची आणि तळहाताने दाबायचे, म्हणजे रोडगा फुटतो, आतले पदर सुटे होतात आणि त्यांतून वाफ येते. त्या फटीत तूप ओतायचे. सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी, तीही मोठ्या गंजात, भरपूर सांभार म्हणजे कोथिंबीर घालून केलेली. या साऱ्या कामाला दोन-अडीच तास सहज लागतात, आणि हे दोन-अडीच तासच त्या जेवणाचे खरे वैभव आहे असे मला वाटते. त्या वेळात कोणी वांगी चिरतो, कोणी गोवऱ्या रचतो, म्हातारी माणसे सावलीत बसून जुन्या दुष्काळांच्या आठवणी सांगतात, मुले पळसाची पाने आणतात, आणि वर्षभर न बोललेले दोन भाऊ एकाच आगीशी बसल्यामुळे नाइलाजाने का होईना बोलू लागतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रोडगे भाजण्याचे काम पुष्कळ गावांत पुरुष करतात. त्या एका दिवशी घरची बाई चुलीपासून दूर बसते आणि तिला पहिल्या वाफेचा रोडगा मिळतो. आता याच घरांतली मंडईची पंगत पाहा. पुरुष पाहुणे आधी बसतात, मग मुले, मग उरलेले पुरुष, आणि पहाटेपासून राबणाऱ्या बायका सर्वांत शेवटी, तर्री संपल्यावर, गंजाच्या तळाशी राहिलेल्या रश्श्याबरोबर निवलेला भात खातात. याला आपण पाहुणचार म्हणतो. जिने रांधले तिला आपल्या हातचे अन्न गरम असताना चाखता आले नाही, तर ती पंगत अपुरी आहे, मग ताटात कितीही पदार्थ असोत. हे मी सौम्य शब्दांत सांगू इच्छित नाही.

आता पेल्याविषयी. आपल्या भागात हा विषय काढला की सभेत अस्वस्थता पसरते, आणि तिला सबळ कारण आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांचे वडील दारूपायी अकाली गेले आणि ते मूल आईबरोबर मामाच्या घरी वाढले. पुढे त्यांच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांनी रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाची अपेक्षा केली, तेव्हा त्यांनी गोडाधोडाचे जेवण वाढून तो रिवाज मोडला. ज्या माणसाने हे केले त्याला जेवणावळीचे वावडे नव्हते. भुकेल्याला अन्न हे तर त्यांच्या शिकवणीतले पहिलेच वचन आहे. ऋण काढून आणि पिऊन केलेला सण त्यांना मान्य नव्हता. विदर्भातल्या किती घरांत मजुरीचा पैसा घरी पोहोचण्याआधी गुत्त्यावर संपला आहे, हे या सभेतल्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ ती पूर्वीपासूनच आहे. तेव्हा मी पुढे जे बोलणार आहे ते या जिल्ह्यांतल्या बंदीला बगल देण्यासाठी नाही, आणि जो पीत नाही त्याने प्यावे यासाठी तर मुळीच नाही.

परंतु आपल्याच जंगलात पिण्याची आणखी एक रीत आहे, तीही नीट पाहिली पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटेच्या सुमारास गळतात. बायका-मुली उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ती रसाळ, पिवळट फुले वेचतात. ती उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येतात, कारण वाळलेल्या फुलात साखरेचे प्रमाण फार मोठे असते. त्यांची भाकर होते, लाडू होतात, टंचाईच्या दिवसांत ती भाजूनही खातात, आणि भिजवून आंबवली की मडक्यांच्या भट्टीतून त्यांची दारू काढली जाते. गोंड समाजात ती पेनाला म्हणजे देवाला, धरतीला आणि पूर्वजांना वाहिल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. जन्म, लग्न, मृत्यू, नवे पीक यांसारख्या प्रसंगी सगळे गोलात बसतात, पळसाच्या पानाच्या द्रोणात ती वाढली जाते, सोबत खाणे असते आणि वडीलधारी माणसे समोर असतात. त्या समाजात व्यसन नाहीच असे मी म्हणत नाही. पण त्या रीतीत पिणे हे देवासमोर, वडिलांसमोर आणि अन्नासोबत होते, आणि ही तिन्ही बंधने माणसाला आवरून धरतात. आबकारीने मोहाला महसुलाची बाब केली, भट्टी गुन्ह्यात आली, दारू झाडाखालून दुकानाच्या काउंटरवर गेली, आणि तिथे ही तिन्ही बंधने गळून पडली. पानठेल्याच्या आडोशाला उभ्याने, उपाशीपोटी, घाईघाईने पव्वा रिकामा करणारा माणूस आणि द्रोण हातात घेऊन गोलात बसलेला माणूस यांना आपण एकाच शब्दात बसवतो, ते मला पटत नाही.

वाइनचा प्रश्न याच संदर्भात पाहावा. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले आणि त्यानंतर नाशिकच्या परिसरात वाइनचे मोठे क्षेत्र उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर वाद झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे एका बाजूने सांगितले गेले. ते खरे नाही, आणि वाइन आवडणाऱ्यांनी तरी ते बोलू नये. हिशेब सरळ आहे. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात, आणि १२ टक्के मद्यार्क धरला तर प्रत्येक पेल्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. १८० मिलीचा आणि ४२.८ टक्क्यांचा व्हिस्कीचा पव्वा घेतला तर त्यात सुमारे ६० ग्रॅम भरतो, म्हणजे वाइनच्या चार पेल्यांहून थोडा जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. म्हणून हृदयाला चांगली वगैरे सबबी सोडून द्याव्यात. प्यायचीच असेल तर जेवणाची चव वाढते म्हणून आणि सोबत माणसे आहेत म्हणून प्यावी, एखादा पेला.

चव वाढते का, हे मात्र आपल्या स्वयंपाकाच्या संदर्भात तपासायला हवे, कारण वाइनविषयीचे बहुतेक सल्ले युरोपातल्या ताटासाठी लिहिलेले आहेत. आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिच्या रश्श्याची लाल तर्री ज्याने चाखली त्याला तिची ओळख करून द्यायला नको. मिरचीची आग कॅप्सायसिन या द्रव्यामुळे होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याने जीभ शांत होत नाही. दह्या-दुधातले केसिन हे प्रथिन त्याला धरून नेते, म्हणून मठ्ठा उपयोगी पडतो. मद्यार्क ही आग उलट वाढवतो. रेड वाइनमधले टॅनिन जिभेला कोरडेपणा आणते, आणि तिखटासोबत ते कडवट लागते. म्हणजे झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर जड, उग्र रेड वाइन ठेवणे हा रश्श्यावरही अन्याय आणि वाइनवरही. त्याच्याशी नाशिककडे होणारी शेनिन ब्लांसारखी, किंचित गोडसर आणि थंड केलेली पांढरी वाइन अधिक जुळते. बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, ताज्या मासोळीवर आपण लिंबू पिळतो, तेच काम पांढऱ्या वाइनचा आंबटपणा करतो. रेड वाइन हवीच असेल तर ती कमी तिखट, तुपातल्या किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या मटणासोबत द्यावी, कारण मांसातली चरबी आणि प्रथिने टॅनिनला मऊ करतात. आणि वांग्याची भाजी, वरण, रोडगे यांच्यासाठी माझे मत विचाराल तर मठ्ठ्याला तोड नाही; तिथे वाइन उगाच मध्ये येते.

तापमानाचेही तसेच आहे. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते घर युरोपातले, १५ ते १८ अंशांचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि त्या दिवसांत पन्हे, आंबील आणि माठातले पाणी सोडून दुसरे काही सुचूच नये. डिसेंबरमध्ये मात्र रात्री १०-१२ अंशांपर्यंत गारवा येतो, तेव्हा अंगणात ठेवलेली पांढऱ्या वाइनची बाटली आपोआप हवी तितकी थंड होते. एकदा बाटली उघडली की हवेच्या संपर्काने वाइनची चव दोन-तीन दिवसांत उतरते. चार-पाच जणांनी मिळून, जेवताना, एका बसणीत संपवण्याजोगे तिचे माप आहे, आणि मला या पेयाचा हा गुण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकट्याने कपाटात लपवून ठेवण्याला ती सोयीची नाही.

तेव्हा येत्या मंडईसाठी माझी गावाला एक विनंती आहे, आणि ती आधी पुरुषांना आहे. स्वयंपाक आदल्या रात्रीपासून वाटून घ्यावा. भात आणि रस्सा बायकांनी केला तर वाढणे, पाणी देणे आणि भांडी उचलणे पुरुषांनी करावे, आणि पहिल्या पंगतीत रांधणाऱ्या सगळ्या जणींना पाहुण्यांच्या शेजारी बसवावे. ज्या घरी वाइन आणायची असेल त्यांनी परवान्याचे आणि कायद्याचे नियम पाळून आणावी, घरातल्या बाईला आधी विचारावे, आणि तिने नको म्हटले तर तो विषय तिथेच मिटवावा. आणलीच तर बाटली गोठ्यामागे किंवा गच्चीवर नेऊ नये. ती पंगतीत, सासऱ्यांच्या आणि सुनांच्या देखत, पानावर अन्न वाढल्यावरच उघडावी आणि तिथेच संपवावी. दुसरी उघडू नये. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी त्याच तोडीचे काहीतरी मांडावे. त्या दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, त्यांचा ताजा रस काढायला कितीसा वेळ लागतो? नाटक पहाटेपर्यंत चालते, म्हणून पाहुण्यांच्या मुक्कामाची अंथरुणे संध्याकाळीच काढून ठेवावीत, आणि ज्यांना रात्रीच उमरेड किंवा पवनीकडे गाडी चालवत परतायचे आहे त्यांच्यापुढे पेला ठेवूच नये.