तोंडात मावला की संपलं!

क्रॉफर्ड मार्केटमधलं माशांचं दुकान. एकावर एक रचलेले टँक, खाली ओली फरशी, आणि काउंटरवर ऑक्सिजन भरून फुगवलेल्या दोन पिशव्या. एकीत निऑन टेट्रा, दुसरीत एंजल. दोघंही अमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही 26 डिग्रीच्या आसपासचं पाणी चालतं, मग एकत्र ठेवायला काय हरकत आहे असं कुणालाही वाटणारच ना.

हरकत आत्ता दिसत नाही, कारण आत्ता तो एंजल नाण्याएवढाच आहे. पण तो वाढतो, अंग 15 सेंटीमीटरपर्यंत जातं, आणि निऑन बिचारा तीन-साडेतीन सेंटीमीटरवरच राहतो, अगदी बारीक. मग एक दिवस सकाळी लाइट लावला की एक निऑन कमी. वर तरंगत नाही, फिल्टरमध्ये अडकलेला नाही, टँकबाहेर उडी मारलेलाही नाही. आणि एंजलचं पोट जरा फुगलेलं.

यात एंजल दुष्ट वगैरे काही नाही हं, नदीतही तो बारके मासे, किडे, अळ्या खाऊनच जगतो. म्हणून स्वभाव शांत आहे का हे विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, हा पूर्ण वाढला की केवढा होणार? ऑस्कर माशाचं पिल्लू दोन इंचाचं, गोंडस, घ्यावंसंच वाटतं. तोच पुढे फूटभर होतो. काच साफ करेल म्हणून गळ्यात मारतात तो सकर फिशपण तसाच, फूट दीड फूट, आणि हे सांगणारे दुकानदार खरंच कमी.

आता उलटा प्रकार बघा. टायगर बार्ब जेमतेम सात सेंटीमीटरचा, पण एंजलच्या पोटाखाली जे दोन लांब दोरे लोंबतात ना, ते हा कुरतडत बसतो, दिवसभर. इथे छोटाच मोठ्याला छळतो. आणि तो एकटा-दुकटा असेल तर जास्तच, आठ-दहांचा थवा असला की आपापसातच भांडत बसतात.

मग एंजलबरोबर काय ठेवायचं? रमी नोज टेट्रा, पाच सेंटीमीटरचा, चपळ, थव्याने फिरणारा. ते आधी पूर्ण वाढलेले सोडा, एंजल शेवटी, आणि लहान असतानाच आणा. तळाला कोरीडोरस, हा तळाशीच फिरणारा छोटा मासा. मात्र हाच कोरीडोरस ऑस्करच्या टँकमध्ये नको, त्याच्या परांना टोकदार काटे असतात, ऑस्करने गिळायला घेतला तर घशात अडकून दोघंही जातात. ऑस्करला सिल्व्हर डॉलर बरा, थाळीसारखा गोल, तोंडात मावतच नाही, फक्त टँक तेवढा मोठा हवा आणि झाडांची आशा सोडायची, तो सगळी खाऊन टाकतो.

आणि हो, एंजल वरचं खाणं खाली पोचूच देत नाहीत, म्हणून कोरीडोरसचं बुडणारं खाणं रात्री लाइट बंद केल्यावर टाका.