केडगावची शिष्या

श्रोतेहो, नमस्कार.

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू वाटेने चालला आहे आणि त्याच्याबरोबर लोकांची झुंबड उडाली आहे. कोणत्याही पुढाऱ्याने अशी गर्दी आणखी वाढवली असती. येशू मागे वळतो आणि त्या गर्दीला सांगतो, की जो स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे येत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही. पाठोपाठ बुरुजाचा दाखला देतो. बुरूज बांधायला काढायचा तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो ना? नाहीतर पाया घालून काम अडायचं आणि येणारेजाणारे हसायचे.

हा उतारा मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आले. हा हिशेब एकदाच, बाप्तिस्म्याच्या वेळी करायचा असतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण याच लूकने नवव्या अध्यायात एक शब्द जास्तीचा लिहून ठेवलाय. वधस्तंभ ‘दररोज’ उचलायचा. हेच वचन मत्तय आणि मार्क यांनीही दिलंय, पण ‘दररोज’ त्यांच्याकडे नाही. त्या एका शब्दाचं वजन मला कळलं ते पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना. म्हणून आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. जन्म १८५८चा. आईवडील पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे, आईनेच मुलीला संस्कृत शिकवलं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघंही अन्नावाचून गेले, मागाहून बहीणही गेली. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झालं आणि दीड-दोन वर्षांत, १८८२ साली, तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या विधवा झाल्या. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकायला कमी येऊ लागल्याने ते राहून गेलं.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात नेलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. रमाबाई थक्क झाल्या. ही माया तुम्हाला कुठून येते, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्यापुढे योहानाचा चौथा अध्याय वाचला गेला. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेली ती शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना हलकं मानत त्या जमातीतली बाई. पाच नवरे झालेली, आणि आता जो घरात आहे तोही नवरा नव्हे. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी धर्मातलं सगळ्यात खोल बोलणं बोलतो. रमाबाईंचं मन तिथे ओढलं गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपली असती तर रमाबाई धर्मांतर केलेल्या एक विदुषी म्हणून राहिल्या असत्या. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, जे लिहिलं, ते आम्हा जन्माने ख्रिस्ती असणाऱ्यांना हलवून सोडणारं आहे. त्या म्हणतात, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांना उमगलं बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी! बाप्तिस्मा झालेला, विद्वत्ता होती, मुंबईत १८८९ साली विधवांसाठी काढलेलं शारदासदन पुण्यात येऊन उभं होतं, अमेरिकेपर्यंत नाव गेलं होतं. तरी त्यांना वाटलं की अजून मी दाराबाहेरच आहे, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. माझ्या मते त्यांचं शिष्यपण तिथून सुरू झालं.

नव्या करारात शिष्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘शिकणारा’. रमाबाईंनी तो अर्थ फार मनावर घेतला होता. मठातल्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या नम्र आहेत, पण वाकत नाहीत. एखादं मत चर्च सांगतं एवढ्यावरून मी मानणार नाही, शास्त्रात दाखवा, असा त्यांचा धोशा. क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत यालाही त्यांनी हरकत घेतली, माझ्या देशाची संस्कृत का नको म्हणून. भगिनींना यात अहंकार दिसायचा. मला तिथे आज्ञापालन दिसतं. ज्याचं ऐकायचं तो एकच आहे हे ठरलं, की बाकीच्यांना मान देता येतो आणि त्यांना नाहीही म्हणता येतं.

पुण्यात दुसरी कसोटी आली. सदनात कुणावर धर्म लादायचा नाही हे त्यांचं वचन होतं आणि ते त्यांनी पाळलं. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सहायक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लोटून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि उत्तर मला आवडत नाही. पालकांची भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर आपण जगतो त्याचं नाव आपल्याच घरात कुजबुजत घ्यायचं, हे रमाबाईंना जमलं नाही. त्याची किंमत त्यांनी चुकवली.

मग १८९६चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या कानावर येताच त्यांना आपलं बाळपण आठवलं, ती भूक आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या जणींना ठेवायला परवानगी नव्हती. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांची शेतजमीन होती. तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. पुढच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजारावर गेली. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. आणि ‘पतित’ म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं कृपासदन होतं. विहिरीवरची ती शोमरोनी बाई अशी फुलहॅमहून केडगावला आली.

जेवणखाण, कपडे, रोजच्या हजार कटकटी. ‘दररोज’ म्हणजे काय, ते इथे पाहावं. वधस्तंभाचं नाव घेतलं की आपल्याला एखादं मोठं हौतात्म्य आठवतं. केडगावात त्याचा अर्थ पहाटे उठून शेकडो खरजाळलेल्या पोरींची डोकी धुणं हाही होता.

याच धबडग्यात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या, नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला जड जायची. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृत शब्दांचा सोस सोडला. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मुळातून साध्या मराठीत आणायला बसल्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. कान जवळजवळ गेलेले, अंगात शक्ती उरलेली नाही. आश्रमाची पुढची आशा असलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. एकुलती एक लेक. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल पूर्ण छापून निघालं १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवणाऱ्या हातांमध्ये एके काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचे हात होते.