चांदीचे पाणी आणि भिंतीतली वीज

मित्रहो, चांदीचे दोन गज ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून त्यांतून वीज सोडली की चांदी पाण्यात उतरते, आणि ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणून ओळखले जाणारे हे पाणी घरी करून पिणारे लोक आता आपल्या ओळखीपाळखीतही दिसू लागले आहेत. ते प्यावे की नाही, यावर बोलण्याचे मी कबूल केले आहे आणि त्यावर येणारच आहे. परंतु त्यासाठी वीज कुठून घेतली जाते हे मला अधिक तातडीचे वाटते, कारण चांदीचा अपाय अंगात मुरायला काळ जावा लागतो आणि विजेला क्षण पुरतो.

एका परिचित गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने मला आपले यंत्र दाखवले. बंद पडलेल्या एलईडी बल्बमधली सर्किटची पट्टी काढून तिच्या दोन तारा त्यांनी थेट चांदीच्या गजांना जोडल्या होत्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ते काचेच्या बरणीतले पाणी स्टीलच्या चमच्याने ढवळत होते. दोन गजांमधला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फारसा नाही, म्हणून भीती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी चमचा बाजूला ठेवायला लावला आणि एका गजाला टेस्टर टेकवला, तर दिवा लागला, दुसऱ्यालाही लागला, प्लग उलटा करून बसवला, तरी दोन्हीकडे लागला. ते चकित झाले, पण कारण साधे आहे. बाहेरच्या तारांना भिंतीतल्या विजेपासून अलग ठेवणारा, वेगळे वेटोळे असलेला ट्रान्सफॉर्मर स्वस्त बल्बांच्या पट्टीत बहुधा नसतोच. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतून फेज आळीपाळीने दोन्ही तारांवर येत राहतो. दोन गजांमधला दाब कमी असेलही. गज आणि जमीन यांच्यामधला मात्र २३० व्होल्टच्या जवळ जातो. बल्बच्या प्लास्टिकच्या कवचात ही पट्टी सुरक्षित असते, कारण तिला कोणी हात लावणार नाही हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते.

“घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना,” हे वाक्य मला वारंवार ऐकावे लागते आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. आज त्याजागी बसवली जाणारी आरसीसीबी फेज व न्यूट्रलच्या प्रवाहांतला फरक पाहते आणि ३० मिलिअँपिअर गळतीला सुटते हे खरे. पण डायोडांतून आलेला, एकाच दिशेने धडधडणारा प्रवाह ओळखण्याची हमी ‘एसी’ प्रकारची आरसीसीबी देत नाही, त्यासाठी ‘ए’ प्रकारची लागते. मायक्रोवेव्हचा जुना ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. त्याचे दुसरे वेटोळे सुमारे २००० व्होल्ट देते आणि तिथून माणसाला धक्का बसला, तरी पहिल्या वेटोळ्यातले फेज व न्यूट्रलचे प्रवाह समानच राहत असल्याने आरसीसीबीला काही कळतच नाही. शिवाय मायक्रोवेव्हमधला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेला राहू शकतो. असे ट्रान्सफॉर्मर भंगारात कोणीही, कोणालाही, काही न विचारता देतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा चांदीविषयी थोडक्यात सांगतो. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून उतावीळ माणूस दाब वाढवतो. वास्तविक १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तरी ४ मिलिग्रॅमपर्यंत चांदी सुटते. एवढ्याशा प्रवाहासाठी भिंतीतल्या विजेला हात घालण्याचे कारणच नाही. आणि तेवढी चांदी पाव लिटर पाण्यात उतरली, तर प्रमाण लिटरला १६ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे तिच्या १६० पट झाले.

भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम डॉक्टर लावतात, तो बाह्य उपचार झाला. पोटात घेण्याच्या औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असा निर्णय दिला की, कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही. त्याच वर्षी मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी ‘वायटूके’च्या, म्हणजे सन २००० लागताच संगणक कोलमडतील या समजुतीच्या, गोंधळात प्रतिजैविके मिळणार नाहीत या भीतीने ते घरी करून प्यायला सुरुवात केली. त्यांची त्वचा निळसर करडी पडली आणि २००२ मध्ये सिनेटची निवडणूक त्यांनी त्याच रंगाच्या चेहऱ्याने लढवली. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा आयुष्यभर जात नाही.

ज्यांनी घरी असे यंत्र जोडले आहे, त्यांनी आता दहा मिनिटे थांबावे. पट्टी सोबत आणली असेल तर तिच्यात वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, हे मी इथेच दाखवतो.