कात्री उचलली की हात थांबतो

लालबागची चाळ, तिसरा मजला, सकाळचे साडेअकरा. काकांचा उजवा हात बघा. मांडीवर नुसता पडलाय तरी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतायत, जपमाळ ओढल्यासारखी. आता ते कात्री उचलतील. उचलली. थांबला की नाही हात?

हा शॉट आम्ही तीनदा घेतला, कारण कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची एक मोठी खूण यातच आहे. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की कमी होतो. उलट चहाचा कप तोंडाशी नेतानाच हात हलत असेल तर ते बऱ्याचदा वेगळंच दुखणं असतं, औषधही वेगळं. आणि काही जणांचा तर हात थरथरतच नाही, नुसतं सगळं स्लो होतं, अंग ताठरतं.

काकांनी आयुष्यभर शर्ट शिवले. सगळ्यात आधी बिघडली ती काजं. मग अक्षर. ही त्यांची मापाची जुनी वही, आणि ही नंतरची, ओळ संपेपर्यंत आकडे मुंगीएवढे झालेत. चालताना उजवा हात हलेना, आवाज खाली गेला, शेजारी म्हणाले मानेचं असेल, घरचे म्हणाले वय झालं, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून काकूंच्या हिंगाच्या फोडणीचा वासच त्यांना येत नव्हता, पण फोडणीचा वास येत नाही म्हणून डॉक्टरकडे कोण जातं हो?

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. फक्त सहा माणसं, त्यातली काही तर त्याने रस्त्यावर जातायेता बघितलेली! आजही न्यूरॉलॉजिस्ट आधी चालून दाखवा म्हणतो, बोटं भराभर आपटून दाखवा म्हणतो. एमआरआय काढतात तो बहुतेकदा दुसरं काही नाही ना हे बघायला. म्हणजे जे डॉक्टर बघतो ते घरच्यांना रोज दिसत असतं, फक्त बघायला हवं.

मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्या परत आणता येत नाहीत, पण लेव्होडोपाच्या गोळीतून मेंदूला डोपामाइन बनवायचा माल मिळतो. गोळीची वेळ मात्र सांभाळावी लागते. काकूंच्या मोबाइलवर दिवसातून चार अलार्म आहेत. गोळी आधी, जेवण अर्ध्या तासाने, कारण डाळ, दूध, अंडं यातलं प्रोटीन गोळीच्या आड येतं. मनाने गोळी बंद करायची नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून वरून खाजकुइलीचं चूर्णही नको, त्या बियांत लेव्होडोपाच असतो, डोस बिघडतो.

पुढे तोल जातो, गिळताना ठसका लागतो, काहींना भास होतात, तेही डॉक्टरांना सांगायचं.

आता गॅलरी. उंबरठ्याशी आले की काकांचे पाय जमिनीला चिकटतात, याला फ्रीझिंग म्हणतात. म्हणून काकूंनी फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्यात, एकेक पाऊल अंतरावर. नुसतं चला म्हटलं तर पाय उचलत नाही, पट्टी ओलांडा म्हटलं की उचलतो, ताल दिला तरी उचलतो. अशा युक्त्या, व्यायाम, बोलायचा सराव यासाठी ग्रुप असतात, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून हेच काम करतेय. गोळी लिहून मिळते, व्यायाम कोणी लिहून देत नाही, आमची तक्रार तेवढीच.

बारा वीस. साडेअकराची गोळी लागू झालीय, काका याला ‘ऑन’ म्हणतात. काकूंनी खुंटीवरचे टाळ काढले. पहिली पट्टी. दुसरी. तिसरीवर काका थांबतात, शर्टाचं वरचं बटण स्वतः लावतात. मग चौथी.