वर घातलं की खाली पडतं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जाळीच्या विणीबद्दल. स्प्रँग म्हणतात हिला. यात आडवा धागा नाहीच. उभे धागे दोन रुळांवर, म्हणजे गोल काठ्यांवर, ताणायचे आणि मागचा धागा पुढे, पुढचा मागे असा बोटांनी पीळ घालत जायचं. प्रत्येक ओळीला सुई सरकवून पीळ अडवायचा. वर एक ओळ घातली की खाली तीच ओळ आपोआप पडते, आरशात दिसावी तशी उलटी. ध्यानात ठेवा, वर घातलं की खाली पडतं. जाळीचं भोक हवं तिथे एकाऐवजी दोन धागे दोन धाग्यांवरून घ्यायचे. डेन्मार्कमध्ये बोरुम एशोय इथे १८७१ साली एका बाईचं दफन सापडलं. तिची केसांची जाळी याच विणीची, ३,००० वर्षांहून जुनी!

दोरा मात्र ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन बोटांत धरूनच घ्या. मोबाइलवर बघून घेतलेल्या दोऱ्याचा पीळ कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मी राहते ठाण्यात, कोपरीला. पहिली पट्टी मी उलट्या खुर्चीच्या पायांना रूळ बांधून लावली, २४ धाग्यांची. शेजारच्या सिंधी आजी, आम्ही सगळे त्यांना दादी म्हणतो, दारातूनच म्हणाल्या, "अगं, हा तर नाडा!" सिंधमध्ये त्यांच्या आई सलवारीचे रेशमी नाडे असेच करायच्या. पंजाबातही नाडे असेच होतात. इलॅस्टिक आलं आणि घरोघरचा हा हात गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

तर सहाव्या ओळीत माझा एक धागा सुटला होता. कळलं तेव्हा वर दहा ओळी चढल्या होत्या. उसवायचा जीव होईना, म्हणून मी त्याला वेगळ्या दोऱ्याने गाठ मारून टाकली. वरून काही दिसत नव्हतं. दादींना नीट दिसत नाही. त्यांनी खालच्या टोकाकडून बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबल्या. "इथे सुटलाय." वरची गाठ मी लपवली होती, खाली तोच धागा मोकळा लोंबत होता. वर चुकलं की खालीही चुकतं. दादींनी माझ्या हातून दहाही ओळी उसवून घेतल्या. रागावल्या नाहीत, शेजारी बसून राहिल्या.

पुढे वीण चढत गेली तसा ताण वाढला, खुर्चीचे पाय आत ओढले जाऊ लागले. वीण चढते तशी लांबी कमी होते, म्हणून रुळाच्या दोऱ्या थोड्या थोड्या सैल करत राहायच्या.

वरची आणि खालची वीण मधोमध भेटते. तिथे एक आडवा दोरा ओवून अडवावं लागतं, नाहीतर सुया काढताच सगळं उलगडतं. दादींनी आपल्या डब्यातला लाल दोरा दिला. मी ओवला. सुया एकेक करून काढताना त्यांनी पट्टीच्या मध्यावर तळहात ठेवला होता. शेवटची सुई निघाली, आणि त्यांनी हात उचलला.